पाण्यातल्या ओट्यावर तीन छत्र्या

गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या पुरुषाला पोट नसतं.

*

अकोल्यात मे महिन्यात काठावर विसरलेली रबरी चप्पल पायात घालायची असेल तर आधी तिच्यावर पाणी ओतावं लागतं. ती चर्र करते.

*

बिछायत केंद्रातल्या मोठ्या छत्रीला सोनेरी झालर असते. वरात येईपर्यंत तिच्याखाली सनईवाले बसतात.

*

"डावीकडे घे. अजून. अजून. हां. तिथंच मर."

*

माझा नवरा पोहताना कसा दिसतो, हे आमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

*

काँक्रीट कापायचं मशीन चालू असलं की शेजारच्या माणसाचे फक्त ओठ हलतात.

*

"तिथंच मर" हे मला म्हणाल्या त्या माझ्या जाऊबाई. कुमुदताई. आणि मी मेले नाही, कारण माझ्या हातात भलीमोठी छत्री होती आणि ती सोडली असती तर सरळ तलावात गेली असती.

सोमवारची सकाळ. सोमवारी क्लबचा तलाव सफाईसाठी बंद असतो. त्या सोमवारी पाणी ओट्याच्या खाली उतरवलं होतं. ओटा म्हणजे पूर्वेच्या भिंतीला लागून पाण्यातच बांधलेली एक लांबच लांब, रुंद पायरी. एरवी तिच्यावर पोटरीएवढं पाणी असतं, लहान मुलं तिथं बसून पाय आपटतात. ओटा संपला की एकदम छातीइतकं खोल. मी त्या कोरड्या ओट्यावर सनईवाल्यांची छत्री उघडून उभी होते आणि ताई मला सरकवत होत्या.

ताई स्वतः काठावर, आपल्या काळ्या छत्रीखाली. हातात मोजे, बाह्या मनगटापर्यंत, चेहऱ्याला ओढणी. दोन्ही गालांवर आणि नाकावर तो लाल डाग, लांबून पाहिलं तर फुलपाखरू बसल्यासारखा. त्यांच्या आजाराचं नाव मोठं आहे. आम्ही घरात त्याला 'ते' म्हणायचो. 'ते' उन्हात उठायचं. ऊन लागलं की सांधे सुजायचे, ताप यायचा, ताई आठवडाभर पलंगावर. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. ऊन बंद. आणि रोज छातीइतक्या पाण्यात चालायचं, नाहीतर गुडघे धरतील.

"धरतील म्हणजे?" मी विचारलं होतं.

"म्हणजे चाकाची खुर्ची," डॉक्टर म्हणाले होते. ताईंसमोरच म्हणाले.

आमच्या भागात तलाव एकच, क्लबचा. पहाटेपासून दहापर्यंत पुरुष. संध्याकाळी मुलांचं कोचिंग. बायकांना दुपारी बारा ते दोन.

*

मे महिना. बारा ते दोन.

*

आता त्याच्या आधीचं सांगते.

आम्ही दोघी आणि खंडेलवालभाभी सेक्रेटरींकडे गेलो होतो. भाभींचं बिछायत केंद्र आहे, लग्नाचे मंडप, गाद्या, छत्र्या भाड्याने देतात. अर्ध्या अकोल्याची लग्नं त्यांच्या गाद्यांवर बसून होतात. आवाजही तसाच, मंडपाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. सेक्रेटरी धांडे साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पंखा त्यांच्याकडे वळवलेला, आम्ही कूलरसमोर.

मी म्हटलं, "साहेब, ताईंना सकाळी अर्धा तास तरी द्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मालतीबाई, सकाळी पुरुषांची बॅच असते."

"माहीत आहे. म्हणूनच मागायला आलो."

"आज त्यांना दिली, उद्या सगळ्या मागतील."

"मागतीलच," भाभी म्हणाल्या.

"मग? माणसांनी काय ऑफिसला बुट्टी मारायची?"

"तुम्ही तर रिटायर आहात, भाईसाब."

धांडे साहेब हसले. त्यांना राग आला की ते हसायचे. "वेळ बदलत नसते. क्लब सुरू झाला तेव्हापासून हीच वेळ आहे. बाकी काही सांगा."

मी पुढं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "बरं. वेळ राहू द्या."

मी त्यांच्याकडे वळले. ताई कूलरकडे पाहत होत्या.

"निदान सावली तरी करू द्या," त्या म्हणाल्या. "ओट्यात तीन भोकं पाडायची, त्यात नळ्या बसवायच्या आणि नळ्यांत छत्र्या उभ्या करायच्या. मोठ्या हॉटेलांत असतात तशा. खर्च आमचा."

"गळती लागली तर?"

"जबाबदारी आमची."

"मग लावा नं, बाप्पा," धांडे साहेब मोकळे होऊन म्हणाले. "सावलीला मी काहून नाही म्हणू? लग्नाच्या लावा, मुंजीच्या लावा. ओट्यात लावा. वेळ मात्र तीच."

बाहेर आल्यावर मी ताईंशी भांडले. पार्किंगमध्ये, सगळ्या ड्रायव्हरांसमोर. म्हटलं, "तुम्ही वेळ सोडलीत कशी? आपण वेळेसाठी आलो होतो. त्यांना तेच पाहिजे होतं. तुम्ही गप्प बसता म्हणून हे लोक असे वागतात. शाळेतसुद्धा हेडमास्तर म्हणतील ते ऐकायच्या तुम्ही, घरातसुद्धा. आता इथंही."

ताई म्हणाल्या, "रिक्षा बघ गं. ऊन लागून राहिलं मला."

*

पुन्हा सोमवार.

सलामत मिस्त्री गुडघ्यांवर बसले, खडू घेऊन. ते घरोघरी भिंतींना पाइपसाठी भोकं पाडून द्यायचे. तलावात पहिल्यांदाच उतरले होते आणि चपला काढून उतरले होते.

"इथं?"

ताईंनी माझ्या छत्रीची सावली पाहिली. सकाळचं ऊन पूर्वेकडून येत होतं. सावली ओटा ओलांडून पलीकडे, छातीइतक्या खोलीच्या जागेवर पडली होती. मोठी, लांबट, पुरुषभर रुंद. मग त्यांनी मला पुढं सरकवलं, दुसरी जागा. मग तिसरी. तिन्ही सावल्या एकापुढे एक धरल्या तर तलावाच्या कडेने एक पट्टा होत होता, टोकापासून टोकापर्यंत. त्यात चालता आलं असतं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

मिस्त्रींनी तीन ठिकाणी फुल्या मारल्या. मग वर आकाशाकडे पाहिलं. मग पाण्यावरच्या सावलीकडे. "बाई, एक बोलू का? ही सावली—"

"मशीन लावा, सलामतभाई."

"नाही, म्हणजे तुमची वेळ तर—"

"मशीन लावा म्हटलं नं."

मशीन लागलं. त्यानंतर जे काही झालं त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. गोल पातं टाइल्समधून आत गेलं. भाभी नळीने त्यावर पाणी सोडत होत्या. करडा चिखल ओट्यावरून वाहत होता, माझे दात वाजत होते. मिस्त्री बोट वर करून काहीतरी सांगत होते, ताई वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हसायला लागले, इतके की मशीन धरलेले खांदे हलले.

काँक्रीटचा गोल तुकडा बाहेर आला, उसाच्या कांड्यासारखा. भोक वीतभर खोल. खाली आणखी तेवढंच काँक्रीट शिल्लक ठेवायचं, नाहीतर तलाव खालून गळतो. तळाला टोपण चिकटवलेली पीव्हीसीची नळी आत बसवली. भोवती इपॉक्सी दाबली. नळीचं तोंड टाइल्सच्या बरोबरीला आणलं, कोणाचा अंगठा अडकू नये म्हणून. वर झाकण.

"आता ही हलणार नाही," मिस्त्री म्हणाले. "पहाड हलेल."

"असंच पाहिजे," ताई म्हणाल्या.

*

इपॉक्सी वाळली. तलाव भरला. छत्रीचा दांडा नळीत खडखडत होता, तर भाभींनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दांड्यांना गुंडाळल्या. घट्ट बसले. तीन छत्र्या, एक लाल, दोन पिवळ्या, सोनेरी झालरी. तलावाचं लग्न असल्यासारखं वाटत होतं.

दुपारचे बारा.

आम्ही सात-आठ बायका होतो. ताई ओढणी, मोजे, काळी छत्री अशा सगळ्या सरंजामासह बदलायच्या खोलीतून ओट्यापर्यंत आल्या, आणि थांबल्या.

सावली छत्रीच्या खाली होती. बरोबर खाली. दांड्याभोवती गोल, ताटासारखी. ओट्यावर, पोटरीभर पाण्यात. पलीकडे, जिथं चालायचं होतं तिथं, ऊन असं सांडलं होतं की डोळे उघडवेनात.

भाभींनी एक छत्री वाकवून पाहिली. दांडा घट्ट होता.

"अरे देवा," भाभी म्हणाल्या. "हम भी क्या... मालती, आपण सकाळी निशाण केलं गं!"

आपण सकाळी निशाण केलं. सकाळी सावली लांब असते. हे पहिलीच्या पोरालाही कळतं. आम्ही तिघी बायका, एक छत्री, एक खडू, आणि आम्हाला कळलं नाही. ताई हळूच ओट्यावर उतरल्या आणि लाल छत्रीखाली बसल्या. पाय पाण्यात. बादलीत पाय घालून बसलेल्या म्हातारीसारख्या.

आणि धांडे साहेब आले. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. क्लबहाउसच्या व्हरांड्यात, सावलीत, उसाच्या रसाचा ग्लास घेऊन. अदबीने लांबच उभे राहिले, कारण बायकांची वेळ होती. पण आवाज येत होता.

"झाली का सोय, ताई?"

ताईंनी पाण्यातले पाय जवळ घेतले.

"छान झालं. पाय धुवायला मस्त जागा झाली. आमच्याही बायकोला पाठवतो."

मी रागाने पाण्यावर हात मारला. पाणी फक्त माझ्याच तोंडावर उडालं.

"चुकलंच जरा, साहेब," ताई म्हणाल्या. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायची सवय होती त्यांना, पण इतके दिवस मी ती ऐकली नव्हती. "पण आता छत्र्या हलवता येणार नाहीत."

"नाही नं. सिमेंटात गेल्या."

"म्हणजे सावली पाण्यात पडेल तेव्हाच उतरावं लागणार."

"मग पडेल तेव्हा उतरा," धांडे साहेब हसत म्हणाले. "आमचं काय जातं?"

"तुमची हरकत नाही?"

"सावलीला काय हरकत, बाप्पा! खुशाल उतरा."

"ऐकलंत ना गं सगळ्यांनी?" ताईंनी वळून विचारलं.

सगळ्या हो म्हणाल्या. कशाला हो म्हणतोय ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. धांडे साहेब रस संपवून आत गेले.

ताई म्हणाल्या, "उद्या सकाळी साडेसातला तयार राहा, मालू. भाभी, तुम्हीही."

"कुठं जायचंय?"

"पोहायला."

*

मला रात्री झोप लागली नाही असं लिहायला हवं. लागली. गाढ लागली.

*

"बाई, पुरुषांची बॅच आहे." चौकीदार फाटकातच आडवा झाला.

"आम्ही पुरुषांकडे नाही आलो," ताई म्हणाल्या. "पाण्याकडे आलो."

"पण साहेब—"

"साहेबांनी काल सगळ्यांसमोर सांगितलंय. सावली पडेल तेव्हा उतरा म्हणाले. विचार त्यांना."

"ते आत पोहून राहिले."

"मग आतच विचारू."

तो बाजूला झाला नाही. भाभी त्याच्या बाजूने गेल्या. भाभी बाजूने जातात तेव्हा समोरच्यालाच बाजूला व्हावं लागतं.

तलावात पंधरा-वीस पुरुष होते. मी त्यांना सगळ्यांना ओळखत होते, कपड्यांत. आमचे बँक मॅनेजर, वकील, दोन डॉक्टर, गल्लीतले कापडवाले. त्यांच्यात मध्यभागी धांडे साहेब, डोक्याला रबरी टोपी. आणि पलीकडच्या टोकाहून, पाठीवर पडून, डोळे मिटून, संथ हात मारत येणारा माझा नवरा. मुकुंद. घरात जिना उतरताना कठडा धरणारा माणूस पाण्यावर पानासारखा आडवा होता.

मी क्षणभर पाहतच राहिले. नाही म्हणणार नाही.

मग त्यांनी आम्हाला पाहिलं आणि सगळे एकदम खाली गेले. म्हणजे हनुवटीपर्यंत. पंधरा-वीस डोकी पाण्यावर, टरबुजांसारखी.

ताईंनी ओढणी काढली नाही. मोजे काढले नाहीत. आम्ही तिन्ही छत्र्या नळ्यांत उभ्या केल्या, उघडल्या. सावली पडली. ओटा ओलांडून पाण्यात, तिथंच जिथं सोमवारी पडली होती. लांबट, रुंद, एकापुढे एक.

"ताई!" धांडे साहेबांचं डोकं ओरडलं. "ही काय पद्धत?"

"सावली पडली," ताई म्हणाल्या आणि कठड्याला धरून उतरल्या. पोटरीभर. मग ओट्याच्या कडेवरून खाली. छातीभर. तोंडातून फक्त "अगं आई" एवढं निघालं. पाणी थंड होतं. दुपारी ते आम्हाला नेहमी चहासारखं मिळायचं.

"बाहेर या! ही पुरुषांची वेळ आहे!"

"आम्हाला काही अडचण नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही पोहा."

एक पाऊल. दुसरं. पाण्यात त्यांचे गुडघे वाकत होते, सरळ होत होते. जमिनीवर मी ते वाकलेले पाहून वर्ष होऊन गेलं होतं.

"वहिनी." आता माझ्या नवऱ्याचं डोकं. "वहिनी, घरी चला. लोक बघून राहिले."

"बघू दे. तुम्ही पोहत होतात, पोहा. छान पोहता."

"मालती! तू काय करतेस इथं?"

"छत्री धरतेय," मी म्हटलं. खरंच धरली होती. ओट्यावर बसून, दोन्ही हातांनी दांड्याला मिठी.

"घरी काय सांगायचं?"

"घरी कोण आहे सांगायला? आपणच तर आहोत."

एक डॉक्टर हसला. धांडे साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो पाण्याखाली गेला.

"उत्तम!" धांडे साहेबांनी चौकीदाराला हाक मारली. "छत्र्या काढ त्या. काढ म्हणतो नं!"

ताई तेव्हा पट्ट्याच्या मधोमध होत्या. छत्र्या निघाल्या तर त्या उघड्या उन्हात होत्या आणि ओट्यापर्यंत यायला, वर चढायला त्यांना किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. आठवडाभराचा ताप यायला लागतो तेवढा वेळ.

उत्तम आला. माझ्या छत्रीला हात लावला. मी वर पाहिलं आणि म्हटलं, "काढून दाखव."

त्याने हात काढला. दुसऱ्या छत्रीशी भाभी बसल्या होत्या, तिकडे तो गेलाच नाही. तिसरी मोकळी होती. त्याने ती ओढली. ट्यूबची पट्टी किरकिरली, दांडा निघाला आणि पाण्यावर उन्हाचा एक तुकडा उघडला, ताईंच्या अगदी समोर.

ताई थांबल्या. सावलीची कड त्यांच्या छातीपासून हातभर होती. कुठंतरी फिल्टरचा आवाज येत होता.

मग ताई वळल्या. पाण्यातल्या पाण्यात, सावकाश, एखादी बस वळावी तशा. आणि उलट्या दिशेने चालू लागल्या.

"दोन छत्र्यांत जेवढं होईल तेवढं चालेन," त्या म्हणाल्या. "एक राहिली तर एकीत. तेवढ्यातल्या तेवढ्यात गोल फिरेन, साहेब. मला कुठं जायचं नाहीये, फक्त चालायचंय."

"उत्तम, दुसरी काढ!"

"अरे ओ," भाभी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज तलावावरून गेला, व्हरांड्यावर आपटला आणि परत आला. "वो छत्री किसकी है? क्लब की है? आमच्या दुकानाची आहे ती. हात लावायच्या आधी मालकाला विचारलंस? जिथून काढली तिथं ठेव. गुपचूप. तुझ्या बहिणीच्या लग्नात हीच लावली होती मी, विसरलास?"

उत्तमने धांडे साहेबांकडे पाहिलं. मग भाभींकडे. मग हातातल्या छत्रीकडे. आणि ती परत नळीत उभी केली. तिला उघडून, झालर नीट करून.

"मी येऊ का तिथं?" धांडे साहेब ओरडले. "मी येतो! मी स्वतः काढतो!"

"या," ताई म्हणाल्या. "वाट बघतो आम्ही."

आम्ही वाट पाहिली. बाहेर यायची शिडी आमच्याच बाजूला होती, ओट्याला लागून. टॉवेल व्हरांड्यात. मधे सगळं अंगण, आणि अंगणात आमच्या मागून एकेक करून आत येत राहिलेल्या बायका. आदल्या दुपारी सात-आठ होत्या, त्याच्या आता बारा-तेरा झाल्या होत्या. नुसत्या पाहत होत्या.

धांडे साहेब आले नाहीत. कोणीच आलं नाही. डोकी हळूहळू पश्चिमेच्या भिंतीकडे सरकत गेली आणि तिथं रांगेने टेकून राहिली. त्यांना आमची लाज वाटत नव्हती. दुपारी आमच्या ओल्या कपड्यांवर कमिटीत कोण काय बोलायचं ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांना स्वतःची वाटत होती.

ताई चालत राहिल्या. टोकापासून टोकापर्यंत, मग परत. सावली हळूहळू ओट्याकडे सरकत होती, आणि ताई सावलीबरोबर सरकत होत्या, न बघता, जणू त्यांना ती कुठं असणार ते आधीच माहीत होतं. सावली ओट्याच्या कडेला येऊन भिडली तेव्हा त्या तिच्यातूनच वर चढल्या. माझा हात मागितला नाही.

*

रिक्षात ताईंचे ओले कपडे, माझे कोरडे. माझं दांडा धरून धरून मनगट दुखत होतं.

"ताई," मी म्हटलं, "नशीबच म्हणायचं. आपण चुकून सकाळी निशाण केलं म्हणून."

ताई बाहेर पाहत होत्या.

"ताई."

"मी शाळेत काय शिकवत होते गं, मालू?"

"भूगोल."

"मे महिन्यात अकोल्यात भरदुपारी सूर्य कुठं असतो हे मुलांना अंगणात काठी रोवून दाखवायचे मी. काठीची सावली काठीच्या पायाशी. मुलं टाळ्या वाजवायची."

रिक्षा खड्ड्यातून गेली. मी सीटला धरलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"सलामतभाईंनाही कळलं होतं. त्यांना मी गप्प बसवलं."

"आणि मला? मला का नाही सांगितलं? मी तुम्हाला पार्किंगमध्ये काय काय बोलले!"

"तुला सांगितलं असतं तर काल दुपारी तू तशी पाण्यावर हात आपटून रडकुंडीला आली असतीस? तुझं तोंड पाहूनच तर धांडे खुशाल उतरा म्हणाला." मग थोड्या वेळाने, "सकाळची वेळ मागितली की ते नाही म्हणणार. आपण मागितली, त्यांनी म्हटलंच. म्हणून मी ती पुन्हा मागितली नाही. पाडून घेतली. काँक्रीटमध्ये."

"छत्री दुपारची म्हणून मागितली आणि सकाळची लावली."

"छत्री छत्रीच असते," ताई म्हणाल्या. "तिला बॅच नसते."

*

नोटीस आली. ताईंचं सभासदत्व तीन महिने स्थगित. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. पुन्हा नोटीस आली. ताई आल्या. कमिटीने नळ्यांची तोंडं सिमेंटने बुजवली, तर सलामत मिस्त्रींनी येऊन ती छिन्नीने उकरली आणि भाभींच्या दुकानातला चहा पिऊन गेले. धांडे साहेबांनी पोहणं सोडलं आणि चालायला सुरुवात केली, स्टेडियमवर. मुकुंद चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "चल, सावली जाईल."

त्याने मला पोहायला शिकवलं नाही. मी भाभींकडून शिकले.

पावसाळ्यात तलाव बंद झाला. तोपर्यंत पूर्वेची कड सकाळी आमची झाली होती. कुणी ठराव केला नाही, कुणी दिली नाही. पुरुष पश्चिमेला पोहायचे, हळूहळू मधेही यायला लागले, आणि त्यांच्यातला एखादा वर चढून टॉवेलपर्यंत चालत जायलाही शिकला. ताई अजून चालतात. पाण्यातही आणि जमिनीवरही, काठी घेऊन, पण चालतात. चाकाची खुर्ची आमच्या घरात कधी आली नाही.

*

बायकांची वेळ दुपारी बारा ते दोन ठेवावी, हा ठराव क्लबच्या पहिल्या सभेत माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे ताईंच्या दिवंगत यजमानांनी मांडला होता. ती सभा आमच्याच घरी झाली होती. चहा ताईंनी केला होता.